एकूण धुणी: शून्य

२६ मार्च, बुधवार. सकाळी १०.२०

आजपासून रोजनिशी. रोज एक पान, काही झालं तरी. वही माझ्या जुन्या नोकरीतली, गोडाऊनची आहे. प्रत्येक पानावर वर ‘परत आलेला माल’ असं छापलंय. त्याकडं लक्ष द्यायचं नाही.

विषय गंभीर आहे. आईचं उजवं मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणाले, चपात्या लाटणं थांबवता येत नसेल तर निदान कपडे पिळणं थांबवा, नाहीतर ऑपरेशन. आई वडप्याला एका गोडाऊनच्या कॅन्टीनमध्ये चपात्या करते. रोजच्या अडीचशे. हात गेला की काम गेलं, आणि तिथं दारात दुसऱ्या चारजणी उभ्याच असतात.

म्हणून वॉशिंग मशीन घ्यायचं. पाडव्याला. आईच्या भिशीतून. कोणतं घ्यायचं हे मी ठरवणार. आई म्हणाली, “हरेश बघंल. त्याला कळतं त्यातलं.”

बाबांनी वर पंख्याकडं बघितलं. तो पंखा मीच निवडला होता, रिमोटवाला. रिमोट हरवल्यापासून तो पाचवरच फिरतो. मग म्हणाले, “ह्या टायमाला काय वाकडं झालं ना, तर बॅग भरायची आन निघायचं.”

बाबा रात्रपाळीचे वॉचमन. झोप कमी होते, त्यामुळं असं बोलतात.

२८ मार्च. दुपारी

रिसर्च सुरू. सकाळी नऊपासून मशीनचे व्हिडिओ. साडेनऊला मधेच इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ आपोआप लागला. दोन वाजले. एक मत पक्कं झालं: सनरूफ नसलेली गाडी घेऊ नये. आपल्याकडं गाडी नाही, पण मत तयार असलेलं बरं. गावात कोणीही गाडी घ्यायची म्हटली की आधी मला विचारतो. (घेतो नंतर दुसरीच.)

संध्याकाळी संघरत्न भेटला. शाळेपासूनचा दोस्त, आता पोस्टात आहे. त्याला म्हटलं फ्रंट लोड, फुल ऑटोमॅटिक, वाय-फायवालं घेतोय. तो म्हणाला, “अरे, तुमच्या नळाला पाणी एक दिवसाआड. चाळीस मिनिटं, तेही करंगळीएवढं. दोन टबवालं सेमी घे. बादलीनं पाणी ओतलं की चालतं. शेजारच्या पुतळाकाकीकडं तेच आहे, सहा वर्षं झाली.”

मी म्हटलं, संघ्या, जग कुठं चाललंय आणि तू बादली घेऊन उभा.

म्हणाला, “मी नाही. तुझी आई उभी राहणार आहे.”

नोकरी कायम झाल्यापासून त्याला असं बोलायची सवय लागलीय.

३० मार्च, रविवार. पाडवा

घेतलं! भिवंडीतल्या मोठ्या शोरूममधून. आई, मी, धाकटी बहीण मेघाली.

आई आत शिरल्या शिरल्या दोन टबवाल्यापाशीच थांबली. झाकण उघडून आत हात घालून बघत होती, पातेलं बघतात तसं. मी तिला हाताला धरून पुढं नेलं. फ्रंट लोडला चौदा प्रोग्रॅम आहेत. ‘डाग’ असा वेगळा प्रोग्रॅम आहे. मोबाईलवरून चालतं. माणूस पुण्याला असेल आणि कपडे इथं धुतले जातील.

आईनं सेल्सवाल्या मुलीला विचारलं, “ह्याच्यात बादलीनं पानी टाकता येतं का?” मुलगी हसली. मीही हसलो. मग आईपण हसली.

मी हसायला नको होतं. घरी येताना रिक्षात तेच डोक्यात होतं. पण मशीन चांगलं आहे. गोडाऊनला चार महिने परत आलेला माल उघडायची ड्युटी केलीय मी, अनुभवानं सांगतो: लोक स्वस्त घेतात आणि पस्तावतात. (महागही परत यायचं. पण तो वेगळा विषय.)

आईची भिशी पूर्ण गेली. मेघालीच्या क्लासचे पण थोडे. मेघाली माझ्याशी बोलत नाहीये. लहान आहे.

१ एप्रिल

मशीन आलं. मोरीशेजारी ठेवलं. आईनं नारळ फोडला, डाव्या हातानं हळद-कुंकू लावलं, उजव्याला पट्टा आहे म्हणून. अर्धी आळी जमली. पुतळाकाकी म्हणाली, “दार पुढं कशाला? टीव्हीवानी बसून बघायचं का कपडं?” मी अर्धा तास इन्व्हर्टर मोटर समजावली. काकी म्हणाली, “बरं बाबा. पन पानी?” मी म्हटलं, ते होतं ॲडजस्ट.

२ एप्रिल

बसवून देणारा पोरगा अकराला आला होता म्हणे. मी घरी नव्हतो. कल्याणला नवी गाडी आलीय, तिची टेस्ट ड्राइव्ह फुकट होती. सेल्समनला सांगितलं वडील बिल्डर आहेत. त्यानं कोल्ड्रिंक दिलं.

आई म्हणाली, पोरगा तसाच परत गेला. “वर टाकी पायजे म्हनतो. पानी वरून जोरात आलं पायजे. मग ये म्हनाला बोलावून.”

म्हणजे टाकी. एवढंच. एका दिवसाचं काम.

३ एप्रिल

यादवभाई प्लंबरला भेटलो. म्हणाला, “टंकी ऊपर, मोटर नीचे, पाइप बीच में. दो दिन का काम है. सामान ले आओ, मैं आ जाऊँगा.”

आईनं सात हजार दिले. कॅन्टीनचा पगार कालच झाला होता. म्हणाली, पावती आन, बाबांना दाखवायला.

उद्या सकाळी नऊला भिवंडी. टाकी, स्टँड, पाइप. लिस्ट केलीय. लिस्ट म्हणजे अर्धं काम.

४ एप्रिल. संध्याकाळी ६

नऊला नाही, साडेबाराला निघालो. टाकीच्या दुकानाच्या दोन दुकानं आधी मोबाईल ॲक्सेसरीवाला आहे. पंखा होता म्हणून आत उभा राहिलो.

तिथं विचार आला. माझ्याकडं मतं आहेत. लोक मतांवर पैसे कमावतात. मराठीत, गावातून, खरा-खरा रिव्ह्यू देणारा कोण आहे? पहिला व्हिडिओ: आपलंच मशीन, तीस दिवसांनंतर. त्याला माईक पाहिजे, गोल लाईट पाहिजे, स्टँड पाहिजे. मिळून चार हजार आठशे.

हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. चॅनल चालला की एक नाही, दोन टाक्या.

उरलेले बावीसशे टाकीसाठी वेगळे ठेवलेत.

५ एप्रिल

वेगळे ठेवलेले: सोळाशे.

८ एप्रिल. सकाळी

बाबा ड्युटीवरून आले, डबा ठेवला आणि विचारलं, “टाकी?” चार दिवसांत तिसऱ्यांदा.

मी म्हटलं, यादवभाई गावाला गेलाय.

त्याच वेळी गल्लीतून सायकलची घंटी आणि यादवभाईचा आवाज: “ओ हरेश भाई! टंकी आया क्या?”

बाबांनी खुंटीवरून माझी बॅग काढली. शांतपणे. चेन उघडली. त्यात माझ्या दोन पँटी टाकल्या. मी तिथंच उभा. 

तेवढ्यात आई मोरीतून आली. म्हणाली, “टाकीचं कामच न्हाय. मशीन तसंच चालतं, मी काल लावून बघितलं. पैसं मीच परत घेतलं त्याच्याकडनं.”

बाबा तिच्याकडं लई वेळ बघत राहिले. मग पँटी काढल्या, बॅग खुंटीला लावली आणि झोपायला गेले.

मी आईला हळूच विचारलं, खरंच चालतं? म्हणाली, “चालतं. तू हात लावू नको. मशीनीला एकाच हाताची सवय लागाया पायजे.”

बरोबर आहे. एक वस्तू, एक युजर.

पैशाबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. माझ्यासाठी बाबांशी खोटं बोलली. दुपारी जेवण गेलं नाही. मान वर करून तिच्याकडं बघवत नव्हतं. (संध्याकाळी जेवलो. मटण होतं.)

ठराव: टाकी तरीही आणायची. पंधरा तारखेच्या आत.

९ एप्रिल. सकाळी ९.१५

उठलो तर दोरीवर कपडे! सगळे. माझा पांढरा शर्टसुद्धा. कॉलर बघितली, दुधासारखी पांढरी. माणसाच्या हातानं अशी कॉलर निघूच शकत नाही. टाकीशिवाय! कंपनीला तरी माहीत आहे का त्यांनी काय बनवलंय?

मशीनवर लाल दिवा चालू. मोबाईलचं ॲप जोडलं. ॲपमध्ये दाखवतं, एकूण धुणी: ०. ॲप बेकार आहे. एक स्टार दिला.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. संघ्या मिरवणुकीच्या तयारीत, गळ्यात निळा पट्टा, हातात तीन फोन. तरी त्याला बाजूला घेऊन सांगितलं: टाकीशिवाय चालतंय.

तो म्हणाला, “मग पाणी आत जातं कुठून?”

मी म्हटलं, टेक्नॉलॉजी.

तो माझ्या शर्टाच्या कॉलरकडं बघत राहिला. म्हणाला, “हरेश, एकदा लवकर उठ.” मग त्याला कोणीतरी हाक मारली.

पटलं नसेल. माणसाला आपण चुकलो हे पचायला वेळ लागतो.

१८ एप्रिल

मशीनचा खरा फायदा आज लक्षात आला. आई मोकळी झाली! पहाटे चालायला जाते. साडेपाचला निघते, सातला परत. मेघाली म्हणाली म्हणून कळलं. मी आईचं कौतुक केलं, म्हटलं बघ, मशीननं तुला तब्येत दिली.

बादली कशाला नेतेस, विचारलं. म्हणाली, “येताना भाजी आनते.” मोठी बादली आहे, पण ठीक. पिशवी विसरायला होते.

टाकीची तारीख उलटली. उरलेले: साडेचारशे. पण आता टाकीची गरजच नाही हे सिद्ध झालंय, त्यामुळं आकडा मनाला लावून घ्यायचा नाही.

२४ एप्रिल

लाईट बिल आलं. एका रुपयानंही वाढलेलं नाही. फाइव्ह स्टार म्हणजे काय ते आता बाबांना कळेल. मशीनबरोबर लिक्विडची बाटली फुकट मिळाली होती, ती अजून भरलेली. किती कमी लागतं बघा.

हे सगळं जेवताना बोललो.  मेघाली म्हणाली, “दादा, तू ते चालू असताना कधी बघितलंस?” मी म्हटलं, मी उठतो तोवर काम संपलेलं असतं, हेच तर. आईनं तिला चटणी आणायला पाठवलं. चटणी ताटात होती.

१ मे, गुरुवार

डॉक्टरांनी मनगट गरम पाण्यात बुडवायला सांगितलंय. ठरवलं होतं, आज आईला सुट्टी, संघ्याची स्कूटर घ्यायची आणि तिला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं. काल रात्री तिला सांगितलं पण. सकाळी ती नेसून तयार होती.

पण भूपेशची बाईक आली. चुलतभाऊ, येत्या आठवड्यात हळद आहे त्याची. म्हणाला, लग्नाआधीची शेवटची ट्रिप. आई म्हणाली, “जा तू. मी पुन्यांदा येईन.”

कुंडात दोन तास बसलो. कातडी सोललेल्या बटाट्यासारखी झाली. आईसाठी पाच लिटरचा कॅन भरून घेतला, कडकडीत. येताना वाटेत अंबाडी गावात एकजण जुनी गाडी विकतोय, ती बघायला थांबलो. फक्त बघायला. इंजिन ऐकलं, मत दिलं, चहा झाला, तीन तास गेले.

घरी कॅन उघडला तर पाणी मडक्यातल्यासारखं. आईनं तरी हात बुडवला. म्हणाली, “कोमट हाय अजून.”

नव्हतं. मी बोट घालून बघितलं होतं.

तिच्या हाताला साबणाचा वास येत होता. कॅन्टीनची भांडी असतील.

७ मे

तीस दिवस झाले. रिव्ह्यू शूट केला. माईक, गोल लाईट, मागं मशीन. मशीनवर आईनं विणलेलं झाकण, ते काढू देईना. “धूळ बसंल.” दारही उघडू देईना. मग बाहेरूनच. पांढऱ्या शर्टाची कॉलर कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हटलं, मित्रांनो, हे हातानं करून दाखवा.

आई दारात उभी होती. हात पदराखाली होता.

८ मे

एकेचाळीस जणांनी बघितला. त्यात मी अकरा वेळा. एक कमेंट: “टाकी कुठंय भाऊ?” ब्लॉक केलं.

ॲपमध्ये अजून शून्य. कंपनीला रीतसर तक्रार केली. भाषा कडक ठेवली: ग्राहकाची फसवणूक, मानसिक त्रास. सोळा तारखेला माणूस येणार.

११ मे. दुपारी

काल भूपेशची हळद. डीजे, कोंबडी, सगळ्यांना सारखे पांढरे कुडते. अकरापर्यंत एकही कुडता पांढरा उरला नव्हता. आमच्याकडं हळद लावत नाहीत, ओततात.

मग केसरीनाथमामा वैतागला, नवा कुडता, डाग जाणार नाही. माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. डीजेवाल्याकडून माईक घेतला आणि सांगितलं, मंडळी, हळदीचं टेन्शन घेऊ नका, आमच्या मशीनला डागाचा वेगळा प्रोग्रॅम आहे, सगळे कुडते आमच्याकडं आणून टाका!

बायकांच्या बाजूनं मोठा हशा आला. पुतळाकाकी तर पदर तोंडाला लावून खाली बसली. मला वाटलं, आवडलं. आई हसली नाही. थकली असेल.

१२ मे

सकाळपासून गाठोडी येतायत. एकूण बत्तीस कुडते.

आईनं विचारलं, “किती जनांना सांगितलंस?” मी म्हटलं सगळ्यांना, माईकवरून. ती गाठोड्यांकडं बघत राहिली. म्हणाली, “बरं केलंस.”

कॅन्टीनला एक दिवस दांडी टाकणार आहे म्हणाली. मी म्हटलं कशाला, मशीन धुणार आहे ना? म्हणाली, “टाकायला-काढायला मानूस लागतंच ना, बाला.”

हेही खरं.

१४ मे

बत्तीसच्या बत्तीस परत गेले. पांढरे. कुठंकुठं पिवळी झाक आहे, पण हळद ती हळद. केसरीनाथमामानं मला मिठी मारली. दिवसभर गल्लीत फिरलो. रात्री चॅनलचं नाव बदलायचं ठरवलं.

आईनं भाकरी डाव्या हातानं थापली. वाकडी झाली. मी खाल्ली, काही बोललो नाही. एवढं कळतं मला.

१५ मे

आईचं मनगट कोपरापर्यंत सुजलंय. ग्लास धरता येईना. म्हणाली मोरीत घसरले. मोरी कोरडी होती.

उद्या मेघाली तिला दवाखान्यात नेणार. मी जाणार होतो, पण उद्या कंपनीचा माणूस येणार. घरी कोणीतरी पाहिजे.

१६ मे, शुक्रवार. दुपारी ३

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण रोज एक पान ठरलंय.

कंपनीचा माणूस साडेअकराला आला. नरेंद्र. माझ्याच वयाचा, पाठीवर टूल बॅग, घामेजलेला. मी त्याला बसूही दिलं नाही. ॲप दाखवलं, तुमचं सॉफ्टवेअर कसं फालतू आहे ते सांगितलं. माझा चॅनल आहे हेही सांगितलं.

त्यानं मशीन पुढं ओढलं, मागं बघितलं. म्हणाला, “दादा, हे चार बोल्ट काढलेच नाहीत. गाडीतून आणताना ड्रम हलू नये म्हणून असतात. हे असताना मशीन फिरूच शकत नाही. आणि पाण्याचा पाइप कुठंय?”

मी म्हटलं, दीड महिना चालतंय रोज.

त्यानं विणलेलं झाकण बाजूला केलं, दार उघडलं. आत पाइपची पिशवी होती, सील न फोडलेली. पुस्तिका होती. त्याच्यामागं अजून काहीतरी होतं. त्यानं हात घालून बाहेर काढलं.

धोपटणं. ओलं. एक ब्रश, दात झिजलेला. साबणाची अर्धी वडी, फडक्यात गुंडाळलेली. फडकं हळदीनं पिवळं.

नरेंद्रनं धोपटणं उलटंसुलटं करून बघितलं. “हे पण कंपनीनं दिलं का?” मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसणं गिळलं. म्हणाला, “ॲप बरोबर आहे, दादा. झिरोच आहे.”

सही घेतली आणि गेला. पाणी पण मागितलं नाही.

मी मोरीत बसून राहिलो. पहाटे साडेपाचचं चालणं. बादली. भाजी. साबणाचा वास. पुतळाकाकी पदर तोंडाला लावून. मी तो शर्ट घातलेला होता. तोच.

पावणेदोनला आई आली. हात गळ्यात, प्लास्टर. शीर फाटलीय, सहा आठवडे. खाटेवर बसली आणि समोर धोपटणं बघितलं. मला वाटलं आता बोलेल. बोलावं असं वाटत होतं.

म्हणाली, “ते आत ठेव. कोनी बघंल.”

१७ मे

पुतळाकाकीकडं गेलो. का गेलो माहीत नाही. ती म्हणाली, “तुझ्या आयला बोल्ले, माझ्याकडं लाव कपडं. तर म्हनाली, दुपारची बादली घेऊन तुझ्याकडं आली तर गाव बघंल. पोराचं हसं व्हईल. तलावावर अंधारात कोन बघतं?” मग म्हणाली, “हळदीचं कुडतं आमी पाचजणींनी धुतलं. तरी लास्टचं दहा तिनंच पिळलं. आयकते कुठं.”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी डीजेच्या माईकवरून बोललो तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाबांना आज सांगणार.

१८ मे

काल सांगितलं नाही. बाबांची झोप झाली नव्हती.

१९ मे. सकाळी

सांगितलं. बाबा चहा पीत होते. मी म्हटलं, बाबा, टाकीचे पैसे आईनं परत घेतले नव्हते.

“म्हायती हाय.”

मशीन चालत नाही.

“म्हायती हाय.”

मग बशी खाली ठेवली. म्हणाले, “माझी ड्युटी किती वाजता सुटते? तलाव कुठल्या रस्त्याला हाय? पयल्याच दिवशी दिसली ती मला. शपथ घातली तिनं. मग काय करनार, वरच्या वळनापर्यंत बादली मी आनायचो.” चहा संपवला. “तुला कळाया किती दिवस लागतात ते मोजत व्हतो. सदतीस.”

मी विचारलं, बॅग भरू का?

“कशाला? मग कपडं कोन धुनार?”

२१ मे

कॅन्टीनवाल्यानं दुसरी बाई लावली. आईला म्हणाला, हात बरा झाल्यावर बघू. बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. मला चार ठिकाणी म्हणालेत.

माईक, लाईट, स्टँड परत द्यायला गेलो. दुकानदार म्हणाला वापरलेला माल आहे, सोळाशे देतो. घेतले. खिशात हात घालून सरळ टाकीच्या दुकानात गेलो, मधे कुठंही बघितलं नाही. रस्त्यात नव्या गाडीचा बोर्ड होता, त्याच्याकडंही नाही. जवळजवळ नाही.

सोळाशेत टाकी येत नाही. उरलेले संघ्यानं दिले. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२३ मे

टाकी आली. अंगणात ठेवलीय. यादवभाईला बोलवायला गेलो. त्याची बायको म्हणाली, गावाला गेलाय, वीस जूनला येईल.

खरंच गेलाय.

घरी हे सांगितलं तेव्हा माझ्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. मेघाली स्वतः जाऊन खात्री करून आली.

२५ मे, रविवार. सकाळी ८.४०

पाच वीसला उठलो. आज पहिला दिवस. (काल उठायला साडेसात झाले, तोवर ऊन आलं होतं आणि तलावावर पोरं पोहत होती. तो दिवस धरायचा नाही.)

बादली, धोपटणं, वडी. बायका आधीच होत्या. मी गेल्यावर बोलणं थांबलं. मग पुतळाकाकी (तिच्या मशीनमध्ये गोधड्या मावत नाहीत) सरकली, म्हणाली, “ये. हा दगड तुझ्या आयचा.” दगड मधे खोलगट झालाय.

तीन शर्ट, आईच्या दोन साड्या, बाबांचा खाकी युनिफॉर्म, मेघालीचे ड्रेस. साडी पिळता येत नाही. एका टोकाला पीळ बसतो, दुसऱ्या टोकाला सुटतो. काकीनं एक टोक धरलं. कोणीतरी मागून म्हणालं, “कंचा प्रोग्रॅम लावलाय रे?” सगळ्या हसल्या. मीही हसायला बघितलं. पाणी डोळ्यात उडालं होतं.

कॉलर सगळ्यात अवघड. घासून घासून बोटाची सालं गेली. आई हे दीड महिना एका हातानं करत होती, आणि मी ती कॉलर कॅमेऱ्यासमोर धरली.

बाबा ड्युटीवरून येताना वरच्या वळणावर उभे होते. बादली घेतील असं वाटलं. घेतली नाही. माझ्या मागून चालत आले.

दोरीवर कपडे टाकले. आई दारात आली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. डाव्या हातानं पांढऱ्या शर्टाची कॉलर पकडली, वळवून बघितली.

म्हणाली, “मशीनीत धुतल्यावानी निघालाय.”

ती आत गेल्यावर मी बघितली. काळीच होती.